इतिहासाची खोली

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं कॉलेज एकच आहे आणि त्यात इतिहास शिकवणारी बाईही एकच आहे. जिल्हा धाराशिव, नळदुर्गच्या स्टँडवर उतरून पुढं जीपनं जावं लागतं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. आमच्या तामलवाडीत एखादी पोरगी उलटून बोलली की अजून माझं नाव निघतं. खोटं मला खपत नाही, असं मी चारचौघांत छाती पुढं काढून सांगत असे. 'असे' म्हणते, कारण पुढं जे झालं त्यानंतर मी ते वाक्य बोलायचं बंद केलं.

एम.ए. झालं, नेट झालं, आणि चार वर्षं मी घरी बसून अर्ज भरत राहिले. मग एका जूनमध्ये या कॉलेजची जाहिरात आली. जागा तासिका तत्त्वावरची. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही, आणि दर वर्षी नव्यानं मुलाखत. तरी मला ती हवी होती. एकोणतीस वर्षांची बाई घरी बसली की तिच्या लग्नाशिवाय दुसरा विषय घरात उरत नाही, आणि मला त्या विषयाचा वीट आला होता.

तुळजापूरला माझे मामा असतात. कापडाचं दुकान आहे, आणि जिल्ह्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या घरचे आहेर त्या दुकानातून जातात. त्यांनी संस्थेच्या एका संचालकांच्या कानावर माझं नाव घातलं. याला आमच्याकडं शब्द टाकणं म्हणतात. दवाखान्यात खाट हवी, पोराला वसतिगृहात जागा हवी, शेतात विजेचा डीपी हवा, कुणीतरी कुणाकडं तरी शब्द टाकतं. यात वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही आणि मलाही वाटलं नव्हतं. माझ्याकडं गुण होते, नेट होतं. शब्द आपला दार उघडण्यापुरता, आत तर मी माझ्या पायांनी जाणार, असं मी धरून चालले होते.

मुलाखतीच्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात खुर्च्या कमी होत्या. चाळिशीचा एक सावळा, बारीक माणूस लगेच उठला आणि त्यानं आपली खुर्ची मला दिली. "पाणी माठातलं घ्या, नळाचं बोअरचं आहे," तो म्हणाला. पंखा कुठल्या बटणावर लागतो ते त्यालाच माहीत. शिपायानं त्याच्यासाठी चहा आणला, तो त्यानं माझ्या हातात दिला. मी त्याला ऑफिसातला क्लार्क समजले. समोर लातूरकडचा एक तरुण मुलगा फाइल छातीशी धरून बसला होता, तो उमेदवार हे दिसतच होतं.

"आत कसे आहेत हो सगळे?" मी त्या क्लार्कला विचारलं.

"चांगले आहेत. घाबरू नका. तुम्हाला फार काही विचारणार नाहीत," तो म्हणाला.

खरंच फार विचारलं नाही. दोन प्रश्न. पहिला निजामाच्या काळातल्या जमीन महसुलाचा. माझं उत्तर निम्म्यावर आलं असेल तोवर दुसरा आला, मामांची तब्येत आता कशी आहे? त्यावर टेबलापलीकडचे चौघं हसले. मीही हसले. बाहेर येऊन मी सरळ जीप गाठली आणि चार दिवसांनी निवड झाल्याचा फोन आला.

आता खोली. पहिला तास सकाळी साडेसातचा, तामलवाडीहून तुळजापूर, तिथून नळदुर्ग, तिथून जीप, असं करून साडेसातला पोचायचं तर आदल्या दिवशीच निघावं लागेल. म्हणून एका बुधवारी मी खोली शोधायला गेले. अशा गावात खोली शोधणं म्हणजे काय असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कॉलेज रोडवरच्या एका नव्या बंगल्याची मालकीण फाटकाची कडी आतून हातात धरूनच बोलत होती. "मिस्टर कुठं असत्यात?" लग्न झालेलं नाही म्हटल्यावर तिनं ती कडी लावली. पुढच्या घरी आडत दुकानवाले एक वयस्कर अण्णा होते, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म. बायकोशी कानडीत, माझ्याशी मराठीत, दोन्हीकडं सारखेच गोड. आडनाव विचारलं, गाव विचारलं, मामांचं गाव विचारलं, आणि शेवटी मांसाहाराचं विचारलं. मी म्हटलं, "घरी खातो, इथं करणार नाही." ते म्हणाले, "करणार न्हाई म्हंता ते बराबर हाय, पर तोंडाला चव तर हाय नव्हं?" त्यांनी नकार इतका मायेनं दिला की चहा पिऊन फाटकाबाहेर येईपर्यंत मला तो कळलाच नाही. तिसऱ्या घरी वडिलांची सही मागितली. माझं डोकं सणकलं. पदवीच्या पोरांना शिकवायला माझी सही चालते आणि खोलीला वडिलांची लागते! मी तिथं काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दुपारी तीनच्या सुमारास, उपाशीपोटी, मी कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोल्यांपाशी पोचले. ओळीनं चार खोल्या, पुढं एकच लांब ओटा. ओट्यावर सत्तरीची एक बाई शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली, मला न्याहाळलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "इतिहासवाल्या बाई नव्हं तुमी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतंय की. सोमवारी रिकामी हुतीय खोली."

मालकीण तीच. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. तिनं बसल्या जागेवरून शेंगेनंच एकेक दार दाखवलं. "ही भूगोलाची. ही हिंदीची. ती कॉमर्सची. अन् कडंची इतिहासाची."

मी खो खो हसले. मला वाटलं, म्हातारी थट्टेखोर आहे. तिनं ना मिस्टर विचारले, ना आडनाव, ना मटण. मी इतकी खूश झाले की या खोल्यांना अशी नावं का पडली असतील, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. पाच वर्षं इतिहास शिकलेल्या बाईला तो पडायला हवा होता.

मी सोमवारची वाट पाहिली नाही, कारण सोमवारी साडेसातला तास होता. रविवारी दुपारीच ट्रंक, गादी आणि शेगडी घेऊन जीपमधून उतरले. कडेच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक माणूस पुस्तकं सुतळीनं बांधत होता. त्यानं वळून पाहिलं, आणि मी त्याला ओळखलं. व्हरांड्यातला क्लार्क.

"या मॅडम, या. माझं आवरतच आलंय," तो म्हणाला. माझी ट्रंक त्यानं माझ्या हातातून घेतली आणि भिंतीला लावून ठेवली.

"तुम्ही इथं राहता? ऑफिसचे लोक पण इथंच राहतात का?"

"मी ऑफिसात नाही. मीही मुलाखतीला होतो त्या दिवशी."

"अरेच्चा! मग तुमचं?"

"नाही झालं," ते म्हणाले आणि सुतळीची गाठ दातानं घट्ट केली. "नऊ वर्षं झालं होतं. यंदा नाही झालं."

मी त्या दोन वाक्यांचा अर्थ लावायला किती वेळ घेतला कोण जाणे. बांधलेल्या गठ्ठ्यांकडं बघितलं. सगळी इतिहासाची पुस्तकं. मी शिकलेलीच. मग ओट्यावर बसलेली मावशी आठवली आणि तिचा तो शेंग धरलेला हात. मी माझ्याच ट्रंकेवर बसले.

"म्हणजे मी तुमच्या…"

"तसं काही नसतं. तासिकेवरच्या माणसाची जागा नसतेच," ते म्हणाले. "माझ्याआधी एक सर होते, ते गेले तेव्हा मला ही खोली मिळाली. मावशींचं तसंच आहे. ज्या विषयाचा माणूस जाईल त्या विषयाचाच येतो, म्हणून त्यांनी खोल्यांना विषयांची नावं ठेवलीत. माणसांची नावं लक्षात ठेवायची कटकट नको."

"पण तुम्ही मला खुर्ची दिली. चहा दिला!"

"तुम्ही पाहुण्या होता."

मला खरंच वाटत होतं की या माणसानं माझ्यावर ओरडावं. भांडणारा माणूस मला कळतो, भांडण मला येतं. हे असं चहा देणारं मला झेपत नव्हतं. मी म्हटलं, "मला काहीच माहीत नव्हतं हो. आईशपथ."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुमच्या मामांचं. मुलाखतीच्या आठ दिवस आधीच कळलं होतं. मावशींनीच सांगितलं, दुसरीकडं जागा बघून ठेवा म्हणून."

तोंडात मारावी तसं झालं मला. मी निजामाचा महसूल पाठ करत रात्री जागत होते, तेव्हा या गावात शेंगा फोडणाऱ्या म्हातारीलाही माझा निकाल माहीत होता. गुण, नेट, माझे पाय, सगळं आपलं माझ्याच डोक्यात.

"मी सोडते. उद्याच सांगते त्यांना," मी म्हटलं.

"सोडा की. मग लातूरचा तो मुलगा येईल. त्याचेही कुणीतरी असतील. मला नाही बोलावणार कुणी."

खरं सांगते, त्या धक्क्यातही ते वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं. पुढं कितीदा तरी ते सोडून बघितलं आणि पुन्हा बांधलं.

निघण्याआधी त्यांनी मला सगळी खोली समजावली. पाणी सहाव्या दिवशी येतं, कधी आठव्या, बॅरल दोन्ही भरून ठेवा. मागच्या खिडकीची कडी निसटते, तिला खिळा आहे. आणि मग दारात थांबून, पहिल्यांदाच खाली बघत म्हणाले, "एक काम होतं. माझे वडील येतात कधी मधी. लोहाऱ्याकडं आमचं गाव. फोन न करता येतात. घरी त्यांना वाटतं मी पर्मनंट आहे."

"नऊ वर्षं?"

"पहिल्या वर्षी गावात पेढे वाटले त्यांनी. मी त्यांना थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं." मग म्हणाले, "आले तर सांगा, सर तासाला गेलेत. आणि गावात मोठं घर घेतलंय म्हणावं, म्हणून ही खोली सोडली. तास-दीड तास बसतील आणि साडेचारला लोहाऱ्याकडची एकुलती बस असते, तिनं जातील. तोवर माझं दुसरीकडं काहीतरी होईल, मग मीच सांगेन."

खोटं न खपणारी मी 'बरं' म्हणाले. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तास संपवून मी प्राचार्यांच्या खोलीत शिरले. आवाज चढलाच होता. त्या सरांचा दोष काय, एवढंच मला कळू द्या, असं मी म्हणाले. प्राचार्य शांतपणे माझ्याकडं बघत होते. "दोष कुणी म्हटला, मॅडम? उत्तम शिकवायचे. दर वर्षी नवी निवड असते, त्यात यंदा तुम्ही आलात. मामांना नमस्कार सांगा." मी मामांना फोन केला आणि नमस्काराऐवजी जे मनात होतं ते सांगितलं. मामा दुखावले. "अगं, भलं करायला जावं तर हे! तू लायक नाहीस का? कुणाच्या जागी घेता, हे मी त्यांना कशाला विचारू?" त्यांचा तो प्रश्न खरा होता. त्यांना तो पडलाच नव्हता आणि मलाही पडला नव्हता.

आणि मी राहिले. तास घेत राहिले. पोरं चांगली होती. वह्यांत त्यांनी मागच्या वर्गाकडून उतरवून घेतलेल्या सरांच्या नोट्स होत्या, मुद्देसूद आणि माझ्या नोट्सपेक्षा सोप्या. बॅरल भरायचं जमायला लागलं. मावशी मला 'इतिहास' म्हणूनच हाक मारायची. "ओ इतिहास, पाणी आलंय!"

नवरात्र जवळ आलं होतं तेव्हा एका शनिवारी दुपारी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, इस्त्री केलेली टोपी, हातात कापडी पिशवी. चेहरा सरांचाच, फक्त जास्त उन्हात राहिलेला.

"प्रोफेसर इथंच ऱ्हात्यात नव्हं?" त्यांनी विचारलं. स्वतःच्या मुलाला ते प्रोफेसर म्हणत होते.

"सर तासाला गेलेत, बाबा," मी म्हटलं. वाक्य इतकं सफाईनं आलं की माझंच मला नवल वाटलं. "मी त्यांच्याच विभागात आहे. त्यांनी ही खोली सोडली ना, आता मी असते. बसा, पाणी देते."

"सोडली? मग ऱ्हातो कुठं?"

"गावात मोठं घर घेतलंय. दोन खोल्यांचं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला नजर वळवावी लागली. ते खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. "बगा की! बोलला न्हाय कदी. लई दिस झालं घरी आला न्हाय. फोनवर म्हंतो, परीक्षेचं काम हाय, काम हाय. आता कळलं, घराच्या नादात हुता." पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती, ती त्यांनी माझ्या शेगडीपाशी नीट ठेवली.

सर घरी गेले असतील, असं मी इतके दिवस समजत होते. घरीही नाहीत, इथंही नाहीत, मग हा माणूस तीन महिने आहे तरी कुठं?

"कोनत्या अंगाला हाय घर?" बाबांनी विचारलं.

मी काहीतरी दिशा दाखवायची म्हणून हात केला. "तिकडं. पाण्याच्या टाकीच्या पलीकडं."

ते दारात गेले, डोळ्यांवर हात धरून टाकीकडं बघत राहिले. मग चपला घातल्या.

"बाबा, कुलूप असेल. चावी सरांजवळ आहे. ऊन पण लई आहे."

"आत न्हाय जात. भाईरनं बगतो अन् तसाच ष्ट्यांडवर जातो. त्याच्या आईला सांगाया हुईल, कसं हाय ते."

गेले. मी खोलीतच उभी राहिले. साडेचारच्या बसला तास बाकी होता. घर सापडणार नाही, थकून परत फिरतील, बस धरतील, संपलं, असा हिशोब मी मनात मांडला, आणि तो मांडला म्हणून मला माझीच किळस आली. मी पिशवी उचलली आणि धावले.

टाकीच्या पलीकडं नव्या प्लॉटिंगची ओळ आहे. बाबा पहिल्या घराच्या फाटकाशी उभे होते. आतल्या बाईनं मान हलवली. ते पुढच्या फाटकाशी गेले, टोपी नीट केली, कडी वाजवली. "कालेजचे प्रोफेसर इथंच ऱ्हात्यात का? इतिहासाचे?" नाही. मग तिसऱ्या घराशी. तिथं बांधकाम चालू होतं, गवंडी वरून ओरडून काहीतरी म्हणाला. बाबांनी ते अर्धवट घरही खालून वर निरखून पाहिलं, कौतुकानं. कदाचित हेच असेल, असं त्यांना वाटलं असावं.

माझ्यानं पुढचं फाटक बघवलं नाही. मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला.

"बाबा, इथं घर नाही. सरांनी घर घेतलेलं नाही. मी खोटं बोलले."

मग मी सगळं सांगून टाकलं. नोकरी पक्की कधीच नव्हती, दर वर्षी मुलाखत असायची, यंदा जूनमध्ये त्यांना घेतलं नाही, मला घेतलं. मी रस्त्यात उभी राहून रडत होते आणि वरचा गवंडी थापी थांबवून ऐकत होता, याचीही मला शुद्ध नव्हती.

बाबा वाळूच्या ढिगाशेजारी रचलेल्या विटांवर बसले. मग विचारलं, "मंग पोरगं हाय कुठं?"

मी सरांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. "बोला मॅडम, पाणी आलं नाही का?" मागं गाड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "बाबा आलेत. मी सगळं सांगितलं त्यांना," आणि फोन बाबांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. "व्हय," बाबा म्हणाले. "पुण्यात? …क्लासमदी? …बरं. …न्हाय, रागाला कशाला यीन." मग आवाज खाली करून, "तुज्या आईला न्हाय सांगत म्या. तू नगं काळजी करू. घर लई झ्याक हाय म्हनून सांगतो."

मी हादरले. सर सांगत असलेलं खोटं आता त्यांनीही आपल्या खांद्यावर घेतलं होतं, माझ्यासमोर, एका मिनिटात.

फोन परत देताना त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. राग नव्हता. लेकराच्या मास्तरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, एक इचारू? त्याचं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं, बाबा."

"शिकवायला कमी पडत हुता का?"

"नाही. पोरं अजून त्यांच्याच नोट्स वापरतात."

"मंग?"

मला काहीही सांगता आलं असतं. नियम, पदव्या, नेट. त्यांना त्यातलं काही कळलं नसतं आणि त्यांनी मान डोलावली असती. पण आज एक खोटं पुष्कळ झालं होतं. मी म्हटलं, "माझ्या मामांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता."

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते एका क्षणात कळलं. त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. "व्हय," ते म्हणाले. "आमचं तसं कोन न्हाय."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. भाकरीची पिशवी पुढं केली तर घेतली नाहीत, म्हणाले, पुण्याला कुठं पोचवू, तुमीच खावा. बस लागली. पायरीवर चढताना वळून म्हणाले, "मन लावून शिकवा, मॅडम. पोरांचं नुस्कान नगं."

सोमवारी साडेसातचा तास होता. मी गेले आणि शिकवलं. त्यानंतरही कित्येक तास घेतले, आणि अजून घेते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाहिरात निघाली तेव्हा मी सरांना फोन करून अर्ज करा म्हटलं. ते म्हणाले, बघतो. मुलाखतीच्या दिवशी मी व्हरांड्यात लवकर जाऊन बसले, शेजारची खुर्ची धरून. कुणीच आलं नाही. मी एकटीच उमेदवार होते. आत गेले, हसतमुखानं चहा मिळाला, एकही प्रश्न न विचारता निवड झाली. मामांनी यंदाही शब्द टाकला होता का, हे मी त्यांना विचारलेलं नाही.